किश्श्यातला मुलगा

आमच्या वसतिगृहाची स्मरणिका निघते आहे. संपादनाचं काम माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडे आहे. तो मूळचा पालीच्या आतल्या एका गावचा, आता रत्नागिरीत शाळेत शिकवतो. गेल्या महिन्यात तो घरी आला, चहा घेतला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि म्हणाला, "सर, पाहुणा योजनेवर तुम्हीच लिहायचंत. आणि आमच्या घरचा किस्सा हवाच. आई गेल्यापासून लोक भेटले की तोच काढतात."

मी हो म्हटलं. तो किस्सा मी इतक्या ठिकाणी सांगितला आहे की झोपेतून उठवलं तरी सांगेन. लिहायला बसलो तर अर्धं पान सरसर झालं. कुठे थांबावं लागलं नाही, कुठे शब्द अडला नाही. ते वाचून पाहिलं आणि मला स्वतःची किळस आली. पान फाडलं. आता जे झालं ते लिहितो.

आमचं महाविद्यालय कोकणातलं, विद्यापीठाचं आणि निवासी. मी तिथे वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि नोकरीची बहुतेक वर्षं मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. मुलं सगळीकडून यायची. कोकणातली, घाटावरची, मराठवाड्यातली, थेट विदर्भातली, आणि मुंबईत वाढलेली पण गाव विचारलं की खेडचं नाव सांगणारी. पहिला महिना भांडणांचा. घाटावरच्यांना दोन्ही वेळचा भात जड जायचा, कोकणातल्यांना भाकरी घशाखाली उतरायची नाही. सोलापूरकडच्या एका मुलाने पहिल्यांदा ताटात अख्खा बांगडा पाहिला आणि तो हात मागे घेऊन म्हणाला, "हे माझ्याकडे बघतंय." समोरचा राजापूरचा मुलगा जेवण न थांबवता म्हणाला, "मग तू पण बघ त्याच्याकडं. ओळख झाली की खा."

असल्या गोष्टींवरून मी मुलांना ओळखतो असा माझा लौकिक झाला. कोणाला घरची आठवण येते आहे, कोणाचं पोट बिघडलं आहे, कोण मुद्दाम मोठ्याने हसतो, हे मला कळायचं. खरंच कळायचं. त्यामुळेच पुढचं सांगणं अवघड आहे. न कळणाऱ्या माणसाकडून घडलं असतं तर निदान अज्ञान म्हणून सोडून देता आलं असतं.

गणपतीत आमचं वसतिगृह बंद व्हायचं. ते बाहेरच्यांना पटत नसे, पण दुसरा मार्ग नव्हता. कोकणातला मुलगा परीक्षा बुडवील, गणपतीला घर चुकवणार नाही. आचारी जायचा, वाढपी जायचे, पहारेकरी जायचा. मेसची चूल थंड. मी इमारतीला कुलूप लावून किल्ली घरी नेत असे. मराठवाड्यातल्या मुलांना एवढ्या सुट्टीत घरी जाऊन येणं परवडायचं नाही. एका वर्षी दोघं बाजारातल्या एका लॉजवर बिस्किटं खाऊन राहिले. ते मला नंतर कळलं आणि वाईट वाटलं. मग मी पाहुणा योजना काढली. कोकणातल्या प्रत्येक मुलाने गणपतीत बाहेरचा एक मुलगा आपल्या घरी न्यायचा. घरांनीही मनापासून घेतलं. गणपतीत एक पान जास्त वाढायला इथे कोणी कुरकुरत नाही. वर्तमानपत्रात छापून आलं, विद्यापीठाने माझं कौतुक केलं. इतर महाविद्यालयांच्या रेक्टरांपुढे बोलायला मला बोलावणी येऊ लागली. विषय ठरलेला असे: विद्यार्थी समजून घेताना.

योजना चांगली होती असं मी आजही म्हणेन. पण कोणत्या मुलाला कुठे पाठवायचं हे मी ठरवायचो.

लातूरकडचा एक मुलगा त्या काळात आला. त्यांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला तो पहिलाच. सदऱ्याला रोज इस्त्री. कमी बोलायचा, पण बोलला की शेजारचे हसायचे. पावसाळ्यात एकदा मला गंभीरपणे विचारलं होतं, "सर, इथं कपडे वाळतात, का वाळले असं समजून घालायचे?" त्याच्या खोलीत तो पालीकडचा मुलगा होता, आज स्मरणिकेचा संपादक झालेला. दोघांचं चांगलं जमलं होतं. एकाच बादलीत दोघांचे कपडे भिजत पडलेले असायचे. गणपती जवळ आले तसा पालीचा मुलगा आपणहून म्हणाला, याला मी माझ्या घरी नेतो.

लातूरच्या मुलाच्या आडनावावरून त्याची जात कळत होती. तो दलित होता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पालीच्या आतली घरंही मला माहीत होती. म्हणून मी त्याला दुपारी माझ्या खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि अगदी बापासारख्या आवाजात सांगितलं की खेड्यातली माणसं आहेत, चौकशा करतात. गाव विचारलं तर गाव सांग. आडनाव विचारलं तर सगळीकडे चालेल असं एखादं सांग. उगाच त्यांनाही अवघड व्हायला नको आणि तुलाही.

त्याने विचारलं, "कुठलं सांगू?"

मी एक आडनाव सांगितलं. पावसात निघालेल्याला दाराआडची छत्री काढून द्यावी तसं दिलं.

"आणि वडिलांचं नाव तेच ठेवू का?"

मी हसलो. मला तो विनोद वाटला. कपड्यांबद्दल विचारणारा मुलगा, असंच काहीतरी बोलणार. जाताना त्याने दार पुन्हा नीट लोटलं.

तिकडे काय झालं ते मला नंतर त्याच्याकडून आणि त्याच्या मित्राकडून कळलं, दोघांचं सांगणं जुळत होतं. पहिले दिवस छान गेले. घरोघर आरत्या म्हणत फिरायचं, तो झांजा वाजवायचा. मित्राच्या आईला तो काकी म्हणायला लागला होता. काकींनी त्याला घावणे करून घातले, भिजून आला की डोकं पुसायला पंचा दिला. वडील लवकर गेलेले, घर त्या बाईनेच चालवलेलं. ती चांगली बाई होती, हे मी शिष्टाचार म्हणून लिहीत नाही.

गौरी यायच्या आदल्या दिवशी मुंबईहून मित्राचा चुलता आला. तिकडे कुठल्याशा कंपनीत ड्रायव्हर होता. संध्याकाळी पडवीत सुपारी कातरत त्याने पाहुण्याला जवळ बसवलं. गाव कुठलं, तालुका कुठला, आडनाव काय, कुलदैवत कोणतं, मामाचं आडनाव काय. त्याच्याबरोबर लातूरकडचा एकजण काम करायचा, त्यामुळे त्याला त्या भागाची माहिती होती. मी दिलेलं आडनाव दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच उघडं पडलं. त्या आडनावाची घरं त्या गावात नव्हतीच. चुलत्याने सुपारी तोंडात टाकली आणि तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या मुलाचं पान पडवीत मांडलेलं होतं. बाकी सगळे माजघरात. कोणी अपशब्द काढला नाही, कोणी जा म्हटलं नाही. काकी वाढायला बाहेर आल्या त्या हात उंच धरून. भात पानावर पडल्याचा आवाज आला, असं तो मला म्हणाला. एवढं एकच त्याने जास्तीचं सांगितलं. त्याचा मित्र आत जेवत होता. जेवण झाल्यावर बाहेर आला आणि म्हणाला, "विसर्जनापर्यंत काढ रे. मग जाऊच."

त्या दिवशी तो चालत पालीला आला आणि नाक्यावरच्या एसटीडी बूथमधून त्याने माझ्या घरी फोन केला. आमच्याकडे आरती सुरू व्हायची होती. त्याने विचारलं, वसतिगृह उघडता येईल का. कारण सांगितलं नाही. बूथमध्ये माणसं उभी होती, त्यांच्यासमोर तो काय सांगणार. मी म्हणालो, "अरे, गौरी आलेल्या घरातून असं निघून येतात? त्या माउलीला काय वाटेल?" तो बरं म्हणाला. मी फोन ठेवला. वसतिगृहाची किल्ली फोनच्या वरच खुंटीला होती. फोनवर बोलताना ती माझ्या डोळ्यांसमोर होती.

तो आला होता तसा चालत परत गेला आणि विसर्जनापर्यंत पडवीत जेवला.

सुट्टी संपल्यावर तो मला भेटायला आला आणि त्याने हे सगळं सांगितलं, न रडता, जवळजवळ कोरड्या आवाजात. मला तेव्हा राग आला होता हे मला स्वच्छ आठवतं. चुलत्याचा नाही. योजनेला डाग लागला याचा. आणि तो राग समोर उभ्या असलेल्या माणसावर निघाला.

"मग त्यांच्याशी एवढं बोलत कशाला बसलास? मी तुला सांगितलं होतं ना."

"सर, त्यांनी विचारलं."

मी त्याला जुन्या लोकांचं मनावर घेऊ नये वगैरे ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं.

त्याच आठवड्यात वसतिगृहाची सभा होती. दर वर्षी गणपतीनंतर मी पाहुणा योजनेचे अनुभव सांगायचो. त्या वर्षी विद्यापीठाचे कोणी पाहुणे येऊन बसले होते, मला काहीतरी गोड सांगायचं होतं. पालीच्या मुलाने मला बोलता बोलता सांगितलं होतं की निघताना लातूरच्या मुलाच्या डोळ्यांत पाणी होतं. तेवढं एक वाक्य माझ्यापाशी होतं, बाकीचं मी उभ्या उभ्या रचलं. मराठवाड्यातला एक मुलगा, कोकणातली एक विधवा माउली, निरोपाची वेळ. तो तिच्या पायांवर डोकं ठेवतो आणि म्हणतो, मला दुसरी आई मिळाली. कोणाचं नाव मी घेतलं नाही. सगळ्यांना कळलं कोण ते.

तो मागच्या रांगेत होता. माझं बोलणं झाल्यावर उभा राहिला. त्याने आपलं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. आणि खाली बसला.

मुलांना वाटलं, किश्श्यातला मुलगा मीच, असं तो सांगतो आहे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

नंतरचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझ्या बाजूने बोलावं असं काही नाही. पालीचा मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला की घरी आता कळलं आहे, चुलता विचारतो, एका खोलीत राहणं नको. मी लगेच लातूरच्या मुलाला टाकीजवळच्या एकट्याच्या खोलीत हलवलं आणि त्याला सांगितलं, अभ्यासाला शांतता मिळेल. सत्र संपल्यावर तो घरी गेला तो आलाच नाही. कोणी विचारलं तर मी म्हणायचो, घरची फार ओढ होती हो त्याला. या मुलांचं असं होतं. "या मुलांचं" म्हणताना मला कोणती मुलं म्हणायची असत, ते ऐकणाऱ्यांना कळत असे आणि मलाही.

किस्सा मात्र राहिला. दर वर्षी वाढत गेला. पुढे पुढे माउली त्याला स्वतःच्या मुलाच्या आधी वाढू लागली. रेक्टरांच्या शिबिरांत मी तो शेवटी ठेवायचो, कारण तो संपला की काही जण डोळे पुसायचे आणि मग प्रश्न विचारायचं कोणाच्या मनात येत नसे.

एक गोष्ट अजून लिहायची राहिली आहे. ती टाळून इथवर आलो. माझं स्वतःचं घर वसतिगृहाच्या मागच्याच रस्त्यावर होतं. आमच्याकडेही गणपती. दर वर्षी एक मुलगा मी माझ्या घरी नेत असे, रेक्टरने आधी स्वतः करून दाखवावं म्हणून. मी तो निवडून नेत असे. आई होती, तिचं सोवळं होतं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून आईचा आणि बायकोचा आधीच वाद चाललेला असे. त्या वर्षी आमच्याकडे नागपूरचा एक मुलगा होता. त्याला आडनाव बदलायला सांगावं लागलं नाही. पाटावर बसून तो दोनदा खीर मागून जेवला, आईला तो फार आवडला. रात्रीची आवराआवर करताना बायकोने विचारलं की त्या लातूरच्या मुलाला आपल्याकडेच का नाही आणलंत, चार पावलांवर तर होता. मी म्हणालो, त्याचा मित्र आहे ना पालीला. तिने पुढे विचारलं नाही, आणि त्यानंतर कधी माझ्या व्याख्यानालाही आली नाही. पालीच्या त्या बाईने उंचावरून का होईना, वाढलं तरी. मी माझ्या घरी न्यायची हिंमत न झालेला मुलगा तिच्या दारात उभा केला, तोही खोट्या नावाने, आणि पुढची सगळी वर्षं तिच्या चांगुलपणावर व्याख्यानं दिली.

पान फाडल्यावर मी संपादकाला बोलावून सांगितलं की किस्सा लिहीन, पण खरा. तो गॅलरीच्या गजांकडे बघत म्हणाला, "आई वाईट नव्हती, सर."

"तेही लिहितो आहे."

"तुम्ही कितीही लिहा. लोक तो उंच धरलेला हातच लक्षात ठेवणार. तिला आता उत्तर पण देता येत नाही."

मग त्याने खिशातून फोन काढला आणि मला एक नंबर दिला. लातूरच्या मुलाचा. बऱ्याच वर्षांपासून त्याच्याकडे होता म्हणाला, कधी लावला नाही. देताना एवढंच म्हणाला, "मी आत बसून जेवत होतो, ते गाळू नका."

मी फोन केला. आवाज त्याने ओळखला. तो कुठे असतो, काय करतो हे लिहिणार नाही. मी सगळं बोलून घेतलं, मध्ये त्याने एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाला, "सर, तो किस्सा माझ्या घरी येऊन गेलाय. माझी मुलगी होस्टेलला आहे. त्यांच्या रेक्टरांनी सांगितला सगळ्या पोरींना. कोकणात असं असं एक वसतिगृह होतं म्हणून. सुट्टीला आली तेव्हा तिने मला सांगितला. तिला फार आवडला."

मी विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

"छान आहे म्हणालो. काय म्हणणार?"

मी माफी मागायला लागलो तर त्याने ते पुढे जाऊ दिलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं का, हे मी विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं. निघताना काकींनी वाटेत खायला मोदकांचा डबा दिला होता. हातात दिला नाही, उंबऱ्यावर ठेवला. त्याने तो वाकून उचलला. काकी म्हणाल्या, सांभाळून जा हां बाळा. "बाळा म्हणाल्या, सर, आणि डबा खाली ठेवला. मला तेव्हा काय करायचं ते समजलं नाही." मग म्हणाला, "मोदक मी खाल्ले. भूक लागली होती."

मी विचारलं, लिहू का.

"लिहा. माझं नाव घालू नका. तुमचं मन मोकळं करायला माझं नाव नको. आणि तुम्ही दिलेलं होतं ते तर अजिबात नको. छापून आलं तर एक प्रत पाठवा. मुलीला मी तोंडाने सांगू शकत नाही. वाचायला देईन."

इथवरचा लेख मी संपादकाला दिला. त्याने तो माझ्यासमोर उभ्याने वाचला, एकही शब्द बदला म्हणाला नाही आणि समितीपुढे ठेवला. समितीचं म्हणणं असं पडलं की आनंदाच्या प्रसंगी कटुता कशाला, आता ते दिवस राहिले नाहीत. त्याऐवजी सरांनी मेसमधल्या गमतीजमतींवर दोन पानं द्यावीत, तो बांगड्याचा प्रसंग फार मजेदार आहे. समितीत माझेच विद्यार्थी आहेत. कटुता टाळायची कशी, हे त्यांना मीच शिकवलं.

मी दोन पानं दिली नाहीत. संपादकाने राजीनामा दिला नाही, त्याला तसं मी सांगितलंही नव्हतं. स्मरणिका माझ्या लेखाशिवाय निघेल. हे दुसरीकडे छापायला दिलं आहे. अंक आला की त्याची एक प्रत लातूरच्या मुलाला टपालाने जाईल. पत्ता त्याने कळवला आहे. पाकीट मी आत्ताच करून ठेवलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दोन पाकिटं वाया गेली, तिसऱ्यावर नीट लिहिता आलं.